पेटी थांबते ती जागा

आमच्या घरात गहू खायला नसायचा, मृदंगाला असायचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांचे मृदंग नटबोल्टचे, पान्यानं पिळून सुरात आणायचे, आणि डाव्या पुडीच्या चामड्याला कायमचा मसाला चिकटवलेला. आमच्या वेळी तसं नव्हतं. मृदंगाची उजवी बाजू बोलते आणि डावी घुमते, आणि ती घुमावी म्हणून दर वेळी वाजवायला बसण्याआधी तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागायचा. कणिक कमी पडली तर डावी नुसती टणटण करते, जास्त झाली तर घास अडकल्यासारखी दबते. घरात तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर येसराची आमटी नाहीतर ठेचा. पण चुलीमागच्या गाडग्यात माय गव्हाचं पीठ वेगळं राखून ठेवायची आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा आत्याच्या घरच्या पाव्हण्यांनी ते गाडगं पाहिलं आणि ताटातल्या भाकरीकडे बघून तोंड वाकडं केलं. माय म्हणाली, "ते मृदंगाचं हाय, पाव्हणं. तुमी वाजवणार आसाल तर देते." पाव्हणे पुन्हा कधी आमच्याकडे जेवायला राहिले नाहीत, आणि त्याचं कुणालाही दुःख झालं नाही.

कणिक मायच मळायची. मृदंगाची कणिक कानाच्या पाळीएवढी मऊ लागते, असं तिचं माप होतं. ती आधी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरून बघायची, मग कणिक, मग पुन्हा पाळी. मोठा झाल्यावर मला याची लाज वाटायला लागली, पण तिनं सोडलं नाही. वाजवून झालं की ती कणिक पुडीवरून खरवडून काढावी लागते. दुसरे लोक ती शेळीपुढे टाकायचे. माय ती तव्यावर भाजायची आणि मला नि माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, अर्धी अर्धी वाटून द्यायची. तिला आम्ही 'वाजलेली कणिक' म्हणायचो. चामड्याचा वास यायचा, कधी एखादा केसही निघायचा, पण गव्हाची चव म्हणून मला पहिली तीच माहीत आहे. आता घरात रोज पोळ्या होतात, डॉक्टरांनी मला त्या बंद करून ज्वारीची भाकरी सांगितली आहे. नशीब असं माणसाची चेष्टा करतं.

दिवाळी झाली की आई-बाप कारखान्याला जायचे. आमच्याकडे ऊसतोडीला जाण्याला एवढंच म्हणतात, कारखान्याला गेले. ट्रक गावाच्या फाट्यावर यायचा, त्यात भांडी, सरपण, पीठ आणि माणसं, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गाव निम्मं रिकामं. नेकनूरहून आत जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, तिथं त्या दिवसांत आवाजच नसायचा. सकाळी भाकऱ्या थापण्याचे आवाज गल्लीभर यायचे ते बंद पडायचे. मला ताल म्हणून पहिल्यांदा काही कळलं असेल तर ते मायच्या भाकरी थापण्यातून. तिचा उजवा हात भरभर आणि डावा फक्त भाकरी फिरवायला, जड आणि सावकाश. मी तिच्यासमोर बसून पाटावर तसंच बडवायचो. ते बघून तिनं मला उचलून किसनतात्याच्या ओट्यावर नेऊन बसवलं. म्हणाली, "तात्या, ह्येचे हात गप बसत न्हाईत. एकतर कामाला लावा, न्हाईतर बांधून ठिवा." पुढं आई-बाप कारखान्याला गेले की मी आणि सुमी तात्याच्या आसऱ्यानं राहायचो. सुमी भाकरी करायची, मी त्याच्या शेतात राबायचो आणि संध्याकाळी त्याच्यासमोर मृदंग घेऊन बसायचो.

किसनतात्या आमच्या भावकीतला नव्हता, गावकीतला. पेटी वाजवायचा आणि गायचा. भजनाची पार्टी त्याची होती: तो, मी आणि दोन टाळकरी, सख्खे भाऊ, जे आयुष्यभर एकमेकांशी टाळांतूनच बोलत असावेत, कारण एरवी मी त्यांना बोलताना पाहिलं नाही. तात्याचा आवाज चांगला होता, फार चांगला नव्हता. पण त्याचा कान. तसा कान मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही, आणि आता मी बऱ्यापैकी माणसं पाहिली आहेत. भर सप्ताहात, भोंग्यांच्या कलकलाटात, डोळे मिटून गाताना तो मधेच माझ्याकडे न बघता म्हणायचा, "भान्या, पाणी लाव." म्हणजे डाव्या बाजूची कणिक सुकायला लागली आहे. मला वाजवणाऱ्याला ते कळलेलं नसायचं. हात लावून बघावं तर खरंच कडेनं भेगाळलेली असायची. माय म्हणायची, तात्याला मुंगी चालली तरी ऐकू येतंय. तात्याला हे बोलणं आवडायचं आणि तो ते पुन्हा पुन्हा लोकांना सांगायचा. त्या कानाचा त्याला गर्व होता, आणि तो गर्व खोटा नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

त्या काळात आमच्या भागातल्या भजनी लोकांना एकच खूळ होतं, कॅसेट. आजूबाजूच्या पार्ट्यांच्या कॅसेटी निघाल्या होत्या. लग्नाच्या मांडवात, पिठाच्या गिरणीत, जीपमध्ये त्यांचे आवाज लागायचे आणि तात्याचं जेवण कडू व्हायचं. साठीला आलेला माणूस. मग धर्मापुरीला जुन्या देवळात आमचं भजन झालं, तिथं बीडचा मदनशेठ आला होता. कॅसेटींचं दुकान त्याचं, आणि स्वतःच्या नावानं कॅसेटी काढायचाही. तात्या त्याच्यासमोर जीव तोडून गायला. भजन संपल्यावर शेठ तात्याच्या पाया पडला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "गळे आपल्याकडं लई हायत. ह्ये डावं अंग आसं घुमतंय ते म्या कुणाचं ऐकलं न्हाई. मृदंग फुडं ठिवून कॅसेट काढू. नाव तुजं."

मृदंगवाल्याचं नाव पुढं, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. मृदंगवाला म्हणजे ज्याच्यावर सगळे उभे असतात आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही. मी वीस वर्षांचा होतो, मला आभाळ ठेंगणं झालं. परतीच्या टेम्पोत तात्या पेटी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसला. गाव आल्यावर उतरताना म्हणाला, "तुजं नाव फुडं, ठीक हाय. पन गाणार मीच." मी म्हणालो, "तुमच्याशिवाय कोण गाईल, तात्या." मग त्यानंच नाव ठरवलं, 'भानुदास नेकनूरकर आणि पार्टी'. मी म्हटलं, आपण नेकनूरचे नाही. तर म्हणाला, "आपल्या गावाचं नाव घेतलं तर लोकं इचारतील कुटं हाय, आन कॅसेट ऱ्हाईल बाजूला." कॅसेट निघावी असं माझ्यापेक्षाही त्याला वाटत होतं. नाव कुणाचंही असो, आवाज त्याचा राहणार होता.

ती गोष्ट मायला सांगितली तेव्हा ती कारखान्याला जायच्या तयारीत होती. तिनं काही कौतुक केलं नाही. गाडगं पालथं करून सगळं पीठ चाळलं, एका फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्येच वापर. दुकानातलं बारीक आसतं, धरत न्हाई." मग ट्रकमध्ये चढल्यावर, फाळक्याला धरून, सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "पयली कॅसेट मला. मी ऐकल्याबिगर दुसऱ्या कुणाला दिऊ नको." आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी शेठच्या दुकानाचा फोन नंबर दिला होता. काही लागलं तर करा म्हणालो. आबा म्हणाले, काय लागायचंय. आबा मुळातच कमी बोलणारे. ट्रक वळला तरी माय मागं बघत होती आणि आपल्या कानाची पाळी चिमटीत धरून मला दाखवत होती, कणिक एवढीच मळ म्हणून. बायका हसत होत्या. मी तिला जिवंत बघितलेलं ते शेवटचं.

रेकॉर्डिंग थंडीच्या दिवसांत झालं, बीडला, शेठच्या दुकानावरच्या खोलीत. भिंतींना गाद्या उभ्या करून टेकवल्या होत्या, खिडकीला सतरंजी. मशीनवाला माणूस बाहेरगावचा, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणारा, आणि पुन्हा कधी मिळेल याची शेठला खात्री नव्हती. म्हणजे जे होईल ते त्याच दिवशी. कणिक मी माझ्या हातानं मळली आणि चोरून स्वतःच्या कानाची पाळी चाचपून बघितली. पुडीवर थापली, एक थाप मारली, आणि मशीनवाल्यानं कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आधी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मग गाणाऱ्याकडे.

पहिली बाजू सहज झाली. दुपारनंतर दुसऱ्या बाजूचं शेवटचं, लांबलेलं भजन चालू होतं. लय वाढत गेली होती, तात्या रंगात आला होता. एवढ्यात दार करकरलं. शेठ आत डोकावला आणि त्यानं तात्याला हातानं खुणावलं. तात्यानं ओळ पुरी केली, भाता सोडला आणि उठून गेला. पेटी थांबली. टाळकरी भावांनी माझ्याकडे पाहिलं. मशीन फिरत होतं, मशीनवाल्यानं बोटानं गोल खूण केली, चालू ठेव. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, तात्यानं मला जागा दिली. माझं नाव पुढं आहे, तर एक तुकडा माझा एकट्याचा असावा, म्हणून तो मानानं उठून गेला. त्या क्षणी त्याच्याविषयी मला जेवढी माया वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. आणि मी वाजवायला लागलो. उजवा हात जवळजवळ बंद केला. फक्त डावं अंग, जड, सावकाश, मायच्या डाव्या हातासारखं. टाळ हळू झाले. मी ते घुमवलं, ओढलं, सोडलं, पुन्हा भरलं. तसं मी आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही मला ते जमलेलं नाही. मग दार पुन्हा करकरलं, तात्या येऊन बसला, त्यानं भाता उघडला आणि बरोबर समेवर ध्रुपद धरलं. आवाज थोडा खाली लागला होता. दमला असेल असं मी समजलो. भजन संपलं तेव्हा मशीनवाला म्हणाला, "ह्यातलं काही काढायचं नाही."

मशीनवाल्याचं सामान बांधून झालं, तो गाडीला गेला. मी मृदंग मांडीवर घेऊन कणिक खरवडत होतो. ती शेळीला टाकायची नव्हती. वाळवून ठेवली तर माय येईपर्यंत टिकेल, असा माझा वेडा हिशेब. रुमालात गोळा करत होतो तेव्हा तात्या समोर येऊन बसला आणि म्हणाला, "भान्या, माय गेली रे."

मला कळलंच नाही. मी म्हणालो, "कारखान्याला गेलीय की."

"आरं, गेली. दुपारच्याला आबाचा फोन आलता. मीच घेतला."

दोन्ही हातांना कणिक चिकटलेली होती. मी म्हणालो, "दुपारी?"

"सुतक कळल्यापासून लागतंय, भान्या. शास्त्र हाय. कळलं न्हाई तवर माणूस मोकळा आसतो. म्हणून तुला कळू दिलं न्हाई. गेलेलं मानूस काय माघारी येतं व्हय? तुज्या मायचीच विच्छा व्हती, कॅसेट व्हावी. झाली." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते पटलंही. माणसाला अशा वेळी काहीही पटतं. सुतक लागलेल्यानं वाद्याला हात लावायचा नसतो आणि मी लावला होता, पण न कळता, म्हणजे दोष नाही. एवढ्या गणितात माझं डोकं कुठंतरी अडकून राहिलं आणि बरंच झालं.

शेठनं जीप दिली. गावावरून सुमीला घेतलं. तात्या म्हणाला, "मी हितंच ऱ्हातो, घराकडं बघतो." आम्ही पोचलो तेव्हा सकाळ झाली होती. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, त्यांतल्या एका कोपीसमोर माय होती आणि शेजारी आबा बसले होते. आबांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. दुःखानं माणूस असं करतो, असं मी मानलं. टोळीतल्या बायकांनी सांगितलं ते एवढंच: सकाळच्या भरणीला उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय सटकला, खाली पडली, दवाखान्यात नेलं, नंतर गेली. किती वाजता गेली ते मी विचारलं नाही. मला ते माहीत आहे, असंच मला वाटत होतं. अग्नी मी दिला. टोळीतले लोक त्या दिवशी दुपारपासून तोडीला लागले, मुकादम उभा होता. कोयत्यांचे आवाज ऐकू येत होते आणि आम्ही राखेजवळ बसलो होतो. आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गावाकडे येतानाही नाही, नंतरचे दिवसही नाही. ताट पुढं केलं तर घ्यायचे, पाणी दिलं तर प्यायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत.

दहाव्याला आम्ही ओढ्याच्या काठी होतो. भटजींनी पिंड मांडला. सुमीनं मायला आवडायचं ते केलं होतं, हुलग्याचं माडगं आणि हरभऱ्याची भाजी, आणि मी रुमालातली वाजलेली कणिक शेजारी ठेवली. वाळून दगड झाली होती. बाभळीवर कावळे होते, तीन-चार तरी, पण एकही खाली येईना. असं झालं की लोक गेलेल्याच्या मनातलं ओळखून कबूल करायला लागतात. मामा पुढं झाला, म्हणाला, सुमीचं लग्न आमी करू. कावळा येईना. चुलती म्हणाली, घर मी बघीन. येईना. तात्या पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "भान्याची कॅसेट झाली, वयनी. गावोगाव वाजंल." कावळे उडून पलीकडच्या झाडावर जाऊन बसले. तेव्हा आबा बोलले. इतके दिवस न बोलल्यामुळं त्यांचा आवाज घोगरा निघाला.

"कावळ्याला कशाला बोलावता? जेला बोलवलं त्यो आला न्हाई, कावळा कसा यील?"

मी म्हणालो, "कुणाला बोलवलं, आबा?"

"तुला. दुपारी फोन केलता म्या. सांगितलं, माय दवाखान्यात गेली, अजून बोलती हाय, सारकं तुजं नाव घेती, आसशील तसा ये. सांज हुईस्तवर दाराकडं बघत व्हती ती. तू म्हनं वाजवीत बसलास."

मी म्हणालो, "मला सांगितलं ते गेली म्हणून. आन तेबी सांजच्याला." हे बोलताना मी आबांकडे बघत होतो, पण बाकी सगळे तात्याकडे बघायला लागले होते. तात्याचे हात अजून जोडलेलेच होते. तो म्हणाला, "लाईनीत खरखर लई व्हती. मला 'गेली' एवढंच ऐकू आलं."

कुणी त्याला काही बोललं नाही. गावात त्याला मान होता, आणि शिवाय 'गेली' हा शब्द आबांनी उच्चारला होताच. दवाखान्यात गेली, त्यातलं दवाखान्यात खरखरीत बुडालं, गेली राहिलं. असं होऊ शकतं. फोन त्या काळी तसेच होते. पण 'गेली' ऐकल्यावर 'कुठं गेली' एवढं विचारायला माणसाचं काय जातं, हा प्रश्न त्या काठावरच्या प्रत्येकाच्या तोंडावर मला दिसला आणि कुणीही तो विचारला नाही. मीही नाही. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

कॅसेट दोन महिन्यांत बाजारात आली. मायला पहिली द्यायची होती ती मी घरी आणलीच नाही. पण ती वाजली. कडा गावच्या बाजारात वाजली, लग्नांत वाजली, आणि लोकांना तिच्यातली एक जागा फार आवडली: दुसऱ्या बाजूला, शेवटच्या भजनात, पेटी एकदम थांबते आणि नुसतं डावं अंग घुमत राहतं. मृदंगवाले ती जागा ऐकून ऐकून बसवायला लागले. आज माझ्या पोरांतल्या कुणीतरी ती मोबाईलवर चढवली आहे. खाली लोक लिहितात, काय विचार केला आहे, पेटी काढून घ्यायची ही कल्पनाच केवढी. परवा एक नवा विद्यार्थी म्हणाला, "सर, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" मी म्हणालो, "पेटीवाला उठून गेला होता." पोरं हसली. त्यांना माझं बोलणं विनोदी वाटतं. बरोबर आहे, ज्याला दुसऱ्यावर धड ओरडता येत नाही तो असाच बोलायला शिकतो.

तात्याकडे मी पुन्हा गेलो नाही. भांडण झालं नाही, नुसता गेलो नाही. एकदा तो स्वतः आमच्या दारात आला, उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "सप्ता हाय, येतुस का?" मी म्हणालो, "हात दुखतोय." सुमीनं पाणी दिलं ते तो प्यायला आणि गेला. पुढं काही वर्षांनी वारला तेव्हा मी खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली. त्यानंच शिकवलं होतं सगळं. राग गेला का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. आजही डाव्या बाजूची कणिक सुकायला लागली की 'पाणी लाव' हे त्याच्याच आवाजात ऐकू येतं, आणि मी पाणी लावतो.

पण जे मला इथं लिहायचं होतं ते त्या पुढच्या वर्षीचं आहे. आबा एकटेच कारखान्याला गेले होते, दुसऱ्या कुणाच्या तरी जोडीला. पट्टा पडला, ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा टेप उचलून घेऊन आले. बंडीच्या खिशातून कॅसेट काढली. माझीच होती, कागद फाटलेला, नाव अर्धं उरलेलं. म्हणाले, "आमच्या ट्रकच्या डायवरची हाय. मागून आणली. गाडीत रोज वाजायची. मला मोळी घिऊन फळीवर चढायचं आसायचं, धड ऐकायला मिळाली न्हाई." मग म्हणाले, "लोकं म्हनत्यात ती जागा काढ."

मी काढली. दुसरी बाजू लावून, पुढं-मागं करत ती सापडली. दार करकरलं. तात्याची ओळ संपली, पेटी थांबली, डावं अंग सुरू झालं. आबा भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, जमिनीकडे बघत ऐकत होते. मी माझं वाजवणं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. चांगलं होतं. ते चांगलं होतं हेच सहन होत नव्हतं. थोड्या वेळानं आबांनी विचारलं, "ह्या टायमाला त्यो फोनवर व्हता?"

"व्हय, आबा."

मृदंग घुमत राहिला. टाळ हळू झाले, पुन्हा वर आले. आबांनी मान उचलून टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणखी वाजत होतं. अजून पेटी आली नव्हती. मग दार करकरलं, तात्याचं ध्रुपद आलं, आणि आबांनी हात पुढं करून टेप बंद केला.

"म्या फोनवर दोनच गोष्टी बोललो," ते म्हणाले. "'गेली' म्हणायला एवढा येळ लागतो का रं?"

मी म्हणालो, "जिना हाय तिथं, आबा. उतरायचा, मग चढायचा."

"हां," आबा म्हणाले. कॅसेट काढून त्यांनी माझ्या हातात दिली, टेप खांद्याला लावला आणि तो शेजाऱ्याकडे परत द्यायला गेले. तो विषय त्यांनी मरेपर्यंत पुन्हा काढला नाही.

मोजणं हे माझं कामच आहे. कुणी कितीही वेळ वाजवो, आवर्तनं किती झाली ते मी झोपेतही सांगेन. जिना किती पायऱ्यांचा होता ते आठवतं, तात्याची चाल आठवते, तेवढं वजा केलं की तो खाली फोनपाशी किती वेळ थांबला ते निघेल. त्या जागेची आवर्तनं मी आजवर मोजलेली नाहीत. मोजायला बसलो तर चुकणार नाही, याची भीती वाटते.